चार रकान्यांची वही : सुरुवातीच्या अमेरिकेतली एकी आणि दुफळी कशी अभ्यासावी

मराठी माध्यमातून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मी जगाचा इतिहास शिकवते. अमेरिकेचं प्रकरण आलं की बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य सापडतं : उत्तरेत कारखाने, दक्षिणेत गुलामगिरी, म्हणून यादवी युद्ध. १७७६ ते १८६१ ही पंचाऐंशी वर्षं एका ओळीत संपतात. पण तेरा वसाहती मुळात एकत्र आल्या कशा, इतकी वर्षं एकत्र राहिल्या कशा, संघातून फुटून निघण्याची भाषा संसदेत उघडपणे कोणत्या राज्याच्या माणसाने केली, यांतल्या एकाही प्रश्नाला ती ओळ उत्तर देत नाही. परीक्षेतलं सोडा, आपण स्वतः एका संघराज्यात राहतो. संघ कसा जुळतो आणि कुठे उसवतो हे आपल्याला नीट कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी वर्गात एक वही करून घेते. ती कशी करायची ते इथे लिहिते आहे.

सामान थोडंच लागतं. आडवी धरता येईल अशी मोठी वही, ड्रॉइंगचा एक मोठा कागद, तीन-चार रंगीत पेन्सिली, खोडरबर आणि कॅल्क्युलेटर. मूळ कागदपत्रं फुकट मिळतात : अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'फाउंडर्स ऑनलाइन' आणि येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचा 'अव्हलॉन प्रोजेक्ट'. त्यांचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांबलचक आहेत. एका बैठकीत एकच पान वाचा, आणि वाचताना पेन्सिल हातात ठेवा.

वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखा. पहिल्यात वर्ष आणि भांडणाचा विषय. दुसऱ्यात भांडणाची रेषा कुठून गेली, म्हणजे कोण कोणाच्या विरुद्ध होतं. तिसऱ्यात तडजोड कशी झाली. चौथ्यात त्या तडजोडीची किंमत कोणी मोजली. चौथा रकाना बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसतो. माझ्या मते सगळा अभ्यास त्याच्यासाठी करायचा आहे.

आधी नकाशा, आणि त्यावर घाईने रेघ नको

कागदावर अटलांटिकचा किनारा काढा. त्याला साधारण समांतर जाणारी अ‍ॅपलेशियन डोंगररांग काढा. डोंगरापलीकडे ओहायो नदी. ती मिसिसिपीला मिळते आणि मिसिसिपी न्यू ऑर्लिन्सच्या खाली आखातात जाते. अलीकडच्या बाजूला हडसन आणि पोटोमॅक या दोन नद्या. राज्यांच्या सीमा नंतर भरा.

आता मुलांचा हात पट्टीकडे जातो आणि पेनसिल्वेनिया-मेरीलंडच्या सीमेवर, म्हणजे मेसन-डिक्सन रेषेवर, ठळक लाल रेघ मारायची घाई होते. ती रेघ अजून मारू नका. १७८० च्या दशकात आधी पाण्याचा उतार बघायचा. डोंगरापलीकडे वस्ती केलेल्या शेतकऱ्याला आपलं धान्य डोंगर चढवून फिलाडेल्फियाला नेणं परवडत नव्हतं. त्याचा माल ओहायोतून मिसिसिपीत आणि तिथून न्यू ऑर्लिन्सला जाणार, आणि न्यू ऑर्लिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात. त्यामुळे नव्या देशाच्या धुरिणांना जी फूट आधी भेडसावत होती ती पूर्व आणि पश्चिम अशी होती. किनारा एकीकडे राहील आणि डोंगरापलीकडचे लोक पोटासाठी स्पेनकडे वळतील ही ती भीती. नकाशावर पहिली रेघ डोंगररांगेवर, तीही पेन्सिलने, हलक्या हाताने मारा.

पहिली नोंद : १७८६, सात विरुद्ध पाच

राज्यघटनेच्या आधी 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' नावाचा करार होता. तो १७८१ मध्ये लागू झाला. त्याचे तीन नियम पाठ करा : प्रत्येक राज्याला एक मत, महत्त्वाच्या निर्णयाला तेरांपैकी नऊ राज्यांची संमती, आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर लावायचा अधिकार नाही.

१७८४ मध्ये स्पेनने मिसिसिपीचा खालचा भाग अमेरिकन होड्यांना बंद केला. परराष्ट्र व्यवहार सांभाळणारे जॉन जे स्पेनचे दूत गार्दोकी यांच्याशी वाटाघाटी करत होते. स्पेन व्यापाराच्या सवलती द्यायला तयार होता. त्या बदल्यात अमेरिकेने मिसिसिपीवरचा हक्क काही दशकं बाजूला ठेवायचा होता. बॉस्टन आणि न्यू यॉर्कच्या व्यापाऱ्यांना हा सौदा हवा होता. व्हर्जिनिया आणि तिच्या खालच्या राज्यांना तो आपल्या पश्चिमेच्या जमिनींचा गळा घोटणारा वाटला. १७८६ च्या ऑगस्टमध्ये मतदान झालं : जे यांना मोकळीक द्यावी म्हणणारी सात राज्यं सगळी उत्तरेची, विरोधातली पाच सगळी दक्षिणेची. नऊ मतं नव्हतीच, त्यामुळे करार झाला नाही. पण त्याच महिन्यात व्हर्जिनियाचे जेम्स मन्रो आपल्या गव्हर्नरांना, पॅट्रिक हेन्रींना, पत्राने कळवत होते की उत्तरेत संघ मोडायच्या गोष्टी चालल्या आहेत.

ही नोंद मी नेहमी पहिली लिहून घेते, कारण दक्षिण आणि उत्तर इतकी स्वच्छ समोरासमोर उभी राहिली ती गुलामगिरीवरून नव्हे, एका नदीवरून. तिसऱ्या रकान्यात 'तडजोड नाही' असं लिहा आणि पुढच्या वर्षीच्या फिलाडेल्फियाकडे बाण काढा. चौथा रकाना इथे कोरा राहू द्या.

कॅल्क्युलेटर काढा

१७८७ च्या २५ मे ते १७ सप्टेंबर या काळात फिलाडेल्फियात घटना परिषद बसली. पंचावन्न प्रतिनिधी आले, एकोणचाळीसांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. मोठी राज्यं विरुद्ध छोटी राज्यं हा वाद १६ जुलैला मिटला : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये सगळ्यांना सारख्या. हे सगळ्यांना येतं. पण त्याच्या आधीच, ३० जूनला, जेम्स मॅडिसन यांनी सभेत सांगितलं होतं की राज्यांमधला खरा फरक आकाराचा नाही, गुलाम असण्या-नसण्याचा आहे. मॅडिसन स्वतः व्हर्जिनियाचे मळेवाले होते, हे लक्षात ठेवून ते भाषण वाचा.

लोकसंख्या मोजताना गुलाम मोजायचे का? ठरलं ते असं की पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची. 'तीन पंचमांशाची तडजोड' एवढं लिहून पुढे जाऊ नका. गणित करा. वहीतला माझा सगळ्यात आवडता धडा हाच.

१७९० ची जनगणना घ्या. व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०. त्यातले गुलाम २,९२,६२७. वजा करा : स्वतंत्र माणसं ४,५४,९८३. आता गुलामांच्या संख्येला पाचाने भागून तिनाने गुणा, १,७५,५७६ येतात. ते स्वतंत्र लोकांत मिळवा : ६,३०,५५९. १७९२ च्या कायद्याने दर ३३,००० माणसांमागे एक जागा दिली आणि उरलेला अपूर्णांक सोडून दिला. भागा. उत्तर १९.

आता मॅसॅच्युसेट्स. तेव्हा मेनचा प्रदेश त्यातच होता. दोन्ही मिळून ४,७५,३२७ माणसं आणि गुलामांच्या रकान्यात शून्य. ३३,००० ने भागा. उत्तर १४.

दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी लिहा आणि थोडा वेळ बघा. स्वतंत्र माणसं मॅसॅच्युसेट्समध्ये वीस हजारांनी जास्त, आणि जागा व्हर्जिनियाला पाच जास्त. गुलाम मोजलेच नसते तर व्हर्जिनियाला १३ मिळाल्या असत्या. सहा जागा अशा माणसांच्या नावावर आल्या ज्यांना मत नव्हतं, पगार नव्हता, आणि स्वतःच्या मुलांवरही हक्क नव्हता. अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली मतं याच जागांवर ठरत होती. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांना ७३ आणि जॉन अ‍ॅडम्स यांना ६५ मतं पडली. हा तीन पंचमांशाचा फायदा वगळला तर अ‍ॅडम्स जिंकले असते असं बरेच इतिहासकार मांडतात. हे गणित स्वतःच्या हाताने केलेला विद्यार्थी ते विसरत नाही.

त्याच परिषदेत आणखी एक देवघेव झाली. दक्षिणेला भीती होती की उत्तरेचे जहाजवाले साध्या बहुमताने व्यापाराचे कायदे करतील, म्हणून त्यांना दोन तृतीयांशांची अट हवी होती. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाला आफ्रिकेतून गुलाम आणणं चालू ठेवायचं होतं. न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येच्या राज्यांना, साधं बहुमत मिळालं, आणि खोल दक्षिणेला १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीला संरक्षण. म्हणजे बॉस्टनच्या जहाजवाल्याचंही या सौद्यात हित साधलं. पळून गेलेल्या गुलामाला परत करण्याचं कलमही घटनेत आलं. आणि एवढं सगळं लिहूनही 'गुलाम' हा शब्द मात्र त्या मूळ मजकुरात कुठेच नाही.

चौथ्या रकान्यात काय लिहायचं ते आता सांगायला नको. मराठी वाचकाला तर हा रकाना परका वाटायचं कारणच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. संघ टिकला की नाही यापेक्षा तिथे बंधनात असलेल्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न पुण्यात बसून त्यांनी आधी पाहिला होता.

१७९० चं जेवण, थोडक्यात

अर्थखातं सांभाळणारे अलेक्झांडर हॅमिल्टन यांना राज्यांची युद्धकर्जं केंद्राने घ्यायला हवी होती. मॅडिसन अडवत होते. जेफरसन यांच्या घरी जेवणावर बोलणं झालं, असं जेफरसन यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे : कर्जं केंद्राकडे जातील, आणि राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात राहून मग पोटोमॅकच्या काठी जाईल. गोष्ट रंगतदार आहे म्हणून मुलं त्यावर पानभर लिहितात. तेवढं नको. दुसऱ्या रकान्यात एकच गोष्ट नीट लिहा : कर्जं केंद्राने घ्यावीत म्हणून साउथ कॅरोलायना मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने होती, कारण दोघांच्याही डोक्यावर मोठं कर्ज होतं. रेषा पुन्हा सरकली. आधीची पेन्सिल खोडा, नवी मारा. खोडरबर त्यासाठीच आणायला सांगितलं होतं.

वॉशिंग्टन यांचं निरोपाचं पत्र कसं वाचावं

या प्रकरणातलं एकच मूळ कागदपत्र वाचायला वेळ असेल तर हे वाचा. पत्र म्हणते, कारण ते भाषण म्हणून कधी दिलं गेलं नाही. १९ सप्टेंबर १७९६ ला फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात छापून आलं. १७९२ मध्ये पद सोडायच्या विचाराने वॉशिंग्टन यांनी मॅडिसन यांच्याकडून एक मसुदा करून घेतला होता. चार वर्षांनी हॅमिल्टन यांनी तो नव्याने घडवला. तोवर हे दोघे लेखक राजकारणात एकमेकांचे कट्टर विरोधक झाले होते.

पहिल्या वाचनात फक्त दिशांची नावं अधोरेखित करा. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी चारही येतात, आणि प्रत्येकीला तिचा फायदा समजावून सांगितलेला आहे. उत्तरेच्या जहाजांना आणि कारखान्यांना दक्षिणेचा शेतमाल मिळतो. दक्षिणेची शेती उत्तरेच्या व्यापारामुळे वाढते. पूर्वेच्या मालाला पश्चिमेत गिऱ्हाईक आहे. पश्चिमेला आपला माल समुद्रापर्यंत न्यायला पूर्वेच्या आरमाराचं बळ हवं. भावनेचं आवाहन पत्रात आहेच, पण बराचसा भार रोख हिशेबावर आहे. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडतो. हिताची गाठ नसलेली एकी टिकणार नाही, हे त्या सेनापतीला आठ वर्षांच्या युद्धात चांगलं कळलं होतं.

दुसऱ्या वाचनात पश्चिमेच्या लोकांना उद्देशून लिहिलेला भाग शोधा. तिथे ते स्पेनबरोबरच्या ताज्या कराराकडे बोट दाखवतात. १७९५ च्या त्या कराराने मिसिसिपी खुली झाली होती. तुमच्या वहीतली पहिली नोंद, सात विरुद्ध पाच, ती इथे मिटते. त्याच्या एकच वर्ष आधी, १७९४ मध्ये, पश्चिम पेनसिल्वेनियातले शेतकरी व्हिस्कीवरच्या करावरून उठले होते आणि वॉशिंग्टन यांना जवळजवळ तेरा हजारांची मिलिशिया, म्हणजे राज्यांची नागरी फौज, पाठवावी लागली होती. राय धान्याची व्हिस्की करून डोंगर ओलांडणं हाच त्या शेतकऱ्यांचा परवडणारा रस्ता होता, आणि कर नेमका त्यावर बसला. डोंगररांगेवरची तुमची रेघ पुन्हा गडद करा.

तिसरं वाचन सगळ्यात अवघड. 'तुम्ही' हा शब्द जिथे-जिथे येतो तिथे थांबा आणि विचारा : हे तुम्ही म्हणजे कोण? वॉशिंग्टन म्हणतात की किरकोळ फरक सोडले तर तुमचा धर्म, रीतिरिवाज, राजकीय तत्त्वं एकच आहेत. १७९० च्या जनगणनेत सुमारे ३९ लाख माणसं मोजली गेली, त्यातले जवळजवळ ७ लाख गुलाम होते. पाच-सहा माणसांमागे एक. मूळ रहिवासी तर बहुतेक मोजलेच गेले नव्हते. भूभागांमधल्या वैरावर इतकं लिहिणाऱ्या या पत्रात गुलामगिरीचा उल्लेखही नाही. हे मौन चौथ्या रकान्यात लिहा.

आणि त्याच्या खाली ही नोंद जोडा. फिलाडेल्फियातल्या सत्तरएक स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिकांनी, त्यांत अ‍ॅब्सालम जोन्स हे धर्मगुरू होते, काँग्रेसकडे अर्ज केला : गुलामांचा व्यापार आणि पळालेल्यांना पकडण्याचा कायदा यांचा विचार करा, आणि आमच्या बांधवांना हळूहळू मुक्त करण्याची वाट काढा. जानेवारी १८०० मध्ये प्रतिनिधिगृहाने ठरवलं की अर्जातल्या अशा मागण्यांना उत्तेजन देता कामा नये, त्याने अस्वस्थता पसरते. मतं पडली ८५ विरुद्ध १. तो एकटा माणूस मॅसॅच्युसेट्सचा जॉर्ज थॅचर. उत्तर आणि दक्षिण एवढी एकदिलाने क्वचितच वागली असेल. हा आकडा मी फळ्यावर लिहिते तेव्हा दर वर्षी माझा गळा दाटून येतो, आणि तो लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

फुटून निघण्याच्या भाषेसाठी वेगळं पान

वहीच्या मागच्या बाजूला एक पान राखून ठेवा. संघ मोडण्याची किंवा केंद्राचा कायदा न मानण्याची भाषा कोणी, केव्हा, कुठून केली ते तारखांसह तिथे लिहीत जा.

१७९८ : केंटकी आणि व्हर्जिनियाचे ठराव. परकीयांवरचे आणि सरकारविरोधी लेखनावरचे कायदे घटनाबाह्य आहेत असं म्हणणारे हे ठराव जेफरसन आणि मॅडिसन यांनी नाव लपवून लिहिले होते. दुसऱ्या एकाही राज्याने त्यांना साथ दिली नाही.

१४ जानेवारी १८११ : मॅसॅच्युसेट्सचे जोसाया क्विन्सी प्रतिनिधिगृहात म्हणाले की ऑर्लिन्सच्या प्रदेशाला राज्य केलंत तर संघाची बंधनं तुटल्यासारखीच आहेत. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला घेतलेला लुइझियानाचा प्रदेश राज्याराज्याने आत येणार आणि न्यू इंग्लंड कोपऱ्यात पडणार, ही त्यांची धास्ती.

१५ डिसेंबर १८१४ ते ५ जानेवारी १८१५ : हार्टफर्डची परिषद. ब्रिटनशी युद्ध चालू, बंदरं ठप्प. न्यू इंग्लंडचे सव्वीस प्रतिनिधी बंद दाराआड बसले. त्यांच्या मागण्या वाचा, कारण त्या तुमच्या वहीची उजळणी आहेत : तीन पंचमांशाचं कलम काढा, नवं राज्य घ्यायला दोन तृतीयांश मतं लागू द्या, व्यापारबंदी साठ दिवसांपुढे नको, एकाच राज्यातून लागोपाठ अध्यक्ष नको. शेवटची मागणी सरळ व्हर्जिनियाकडे बोट दाखवते. मागण्या घेऊन माणसं वॉशिंग्टनला पोचेपर्यंत तह झाल्याची आणि न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची बातमी येऊन धडकली. न्यू इंग्लंडमध्ये जोर असलेला फेडरलिस्ट पक्ष त्यातून पुन्हा उभा राहिला नाही.

हे पान भरल्यावर 'दक्षिण पहिल्यापासून फुटीर होती' असं लिहायला हात धजत नाही. जो प्रदेश सत्तेच्या तराजूत हलका पडतो तो राज्यांच्या हक्कांची भाषा बोलायला लागतो. मात्र ही समजूत दोन्हीकडे सारखी वाटून मोकळं होऊ नका. न्यू इंग्लंडचं गाऱ्हाणं जहाजांचं होतं. पुढे दक्षिणेचं झालं ते माणसं मालकीची ठेवण्याचं. गाऱ्हाण्याचा मजकूर वाचल्याशिवाय दोन गट एका पारड्यात टाकू नयेत.

जोड्यांचा तक्ता

आता उत्तर-दक्षिण रेघ पेनने मारायची वेळ आली. दोन स्तंभ आखा : गुलामगिरी नसलेली किंवा ती संपवायला निघालेली राज्यं डावीकडे, गुलामगिरी ठेवणारी उजवीकडे. मूळची तेरा सात-सहा अशी विभागतात. मग प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे भरत जा : व्हर्मॉन्ट १७९१, केंटकी १७९२, टेनेसी १७९६, ओहायो १८०३, लुइझियाना १८१२, इंडियाना १८१६, मिसिसिपी १८१७, इलिनॉय १८१८, अलाबामा १८१९. मोजा. अकरा-अकरा.

डाव्या स्तंभाच्या वर एक सूचना लिहून ठेवा : १७९० मध्ये एकट्या न्यू यॉर्क राज्यात २१ हजारांवर गुलाम होते. तिथला टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा १७९९ चा आणि न्यू जर्सीचा १८०४ चा आहे. उत्तर एका दिवसात स्वच्छ झाली नाही.

फेब्रुवारी १८१९ मध्ये मिसूरीच्या प्रवेशाचं विधेयक प्रतिनिधिगृहात चर्चेला आलं. न्यू यॉर्कचे जेम्स टालमॅज यांनी अट सुचवली : तिथे आणखी गुलाम आणायचे नाहीत आणि तिथे जन्मणारी मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सिनेटने फेटाळली. सिनेटने का फेटाळली ते तक्ता सांगतो. प्रतिनिधिगृहात उत्तरेची लोकसंख्या पुढे गेली होती, त्यामुळे दक्षिणेला सिनेटमधली बरोबरी हाच आधार उरला होता. शेवटी मॅसॅच्युसेट्समधून मेन वेगळं काढून १८२० मध्ये डावीकडे घातलं, मिसूरी १८२१ मध्ये उजवीकडे आलं, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या वर गुलामगिरी नको असं ठरलं. नकाशावर ती रेघ आता पेनने मारा.

१८२० मध्येच मन्रो २३२ पैकी २३१ मतांनी पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले. पुस्तकं या काळाला सलोख्याचं युग म्हणतात. सलोखा होता, पण तो पक्षांचा होता. त्याच एप्रिलमध्ये म्हातारे जेफरसन यांनी लिहिलं की मिसूरीचा प्रश्न ऐकून रात्री आगीची घंटा वाजावी तसं दचकायला झालं. त्यांचं ते पत्र पूर्ण वाचा. घंटेच्या ओळीपुढे ते गुलामगिरी पसरू देण्याच्या बाजूने युक्तिवाद करतात, हे उतारे छापणारे गाळतात. चौथा रकाना : मिसूरीत तेव्हा असलेली सुमारे दहा हजार गुलाम माणसं, आणि तिथे जन्मणार होती ती त्यांची मुलं.

जोडणाऱ्या गोष्टी

वहीत सगळं भांडणच भरलं तर देश एकत्र राहिला कसा ते कळणार नाही. दोनच गोष्टी नीट करा. १७९२ च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्रं अगदी कमी दरात पाठवता येऊ लागली, आणि संपादकांना एकमेकांचे अंक फुकट पाठवता येत. त्यामुळे केंटकीतल्या छापखान्यात बॉस्टनची बातमी कापून जुळवली जायची. दुसरी गोष्ट ईरी कालवा : १८१७ ते १८२५, ३६३ मैल, आल्बनी ते बफलो. नकाशावर निळ्याने काढा आणि पहिली डोंगररेघ पुन्हा बघा. पश्चिमेचा माल आता नुसता नदीने खाली दक्षिणेला जात नाही, कालव्याने न्यू यॉर्कलाही येतो. पूर्व-पश्चिम फूट बुजली, पण पश्चिम बांधली गेली ती उत्तरेशी. तीस वर्षांनी याचा परिणाम दिसणार होता.

टपालाच्या नोंदीखाली १८३५ असं लिहून ठेवा. त्या जुलैत चार्ल्स्टनमध्ये जमावाने गुलामगिरीविरोधी पत्रकांच्या टपाल थैल्या काढून जाळल्या.

१८३२-३३ : दोन राज्यं, एक अध्यक्ष

आयात जकातीचा तपशील फार ताणू नका. एवढं पुरे : १८१६ मध्ये साउथ कॅरोलायनाचे कॅल्हून जकातीच्या बाजूने होते आणि न्यू इंग्लंडचे डॅनियल वेब्स्टर विरोधात, १८२८ पर्यंत दोघांनी जागा बदलल्या, कारण एकीकडे कापूस वाढला आणि दुसरीकडे सूतगिरण्या. २४ नोव्हेंबर १८३२ ला साउथ कॅरोलायनाने जकातीचे कायदे आपल्या हद्दीत रद्द ठरवले. अध्यक्ष जॅक्सन, स्वतः टेनेसीचे गुलाममालक, यांनी १० डिसेंबरला ठणकावलं की राज्याला हा हक्क नाही. मार्च १८३३ मध्ये एका हाताने बळाचा कायदा, म्हणजे जकात वसूल करायला फौज वापरायची मुभा, आणि दुसऱ्या हाताने केंटकीचे सिनेटर हेन्री क्ले यांची कमी होत जाणारी जकात, असं प्रकरण मिटलं. दुसरं एकही दक्षिणी राज्य साउथ कॅरोलायनाबरोबर गेलं नाही.

का गेलं नाही, हे शोधताना शेजारच्या जॉर्जियाचं पान उघडा. मार्च १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की चेरोकी लोकांच्या भूमीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. जॉर्जियाने तो जुमानला नाही, आणि साउथ कॅरोलायनावर फौजेची भाषा करणाऱ्या जॅक्सन यांनी जॉर्जियावर बोटही उचललं नाही. तुरुंगात टाकलेल्या वूस्टर आणि बटलर या दोन मिशनऱ्यांना जानेवारी १८३३ मध्ये सोडून देऊन तो खटला शांत करण्यात आला. त्या महिन्यात जॉर्जियाला दुखावून साउथ कॅरोलायनाच्या गळ्यात घालायचं नव्हतं. १८३८ मध्ये फौजेने चेरोकींना त्यांच्या घरांतून बाहेर काढलं. बहुतेक टिपणांत ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या धड्यांत असतात. तुम्ही ती एकाच ओळीत लिहा : तिसऱ्या रकान्यात १८३३ ची तडजोड, चौथ्यात चेरोकी.

उत्तर लिहिताना

परीक्षेत सगळी वही ओतू नका. तीन नोंदी निवडा, आणि त्या तीन वेगळ्या रेषांच्या असू द्या : एक पूर्व-पश्चिम, एक न्यू इंग्लंड विरुद्ध केंद्र, एक उत्तर-दक्षिण. प्रत्येकीत एक आकडा आणि चौथ्या रकान्यातलं एक वाक्य. टपाल किंवा कालवा यातलं एक जोडा. 'अपरिहार्य' हा शब्द टाळा. जे लोक १८२० मध्ये जगत होते त्यांना १८६१ माहीत नव्हतं.

जोड्यांचा तक्ता मात्र पुढे स्वतः भरा : आर्कन्सॉ १८३६, मिशिगन १८३७, फ्लॉरिडा आणि टेक्सस १८४५, आयोवा १८४६, विस्कॉन्सिन १८४८. पंधरा-पंधरा. १८५० मध्ये कॅलिफोर्निया डावीकडे येतं आणि बरोबरी मोडते; त्याच्या बदल्यात दक्षिणेला काय मिळालं ते त्या वर्षीच्या पळालेल्या गुलामांच्या कायद्यात वाचा आणि तो रकाना भरून वही तिथे थांबवा. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यासाठी नवी वही घ्या, तिला जास्त पानं लागतात.